शेतबांधाच्या लाकडातून वनपिंगळ्याची काठी: फुटव्याच्या निवडीपासून शेंबीपर्यंत

चालताना हातात धरायची काठी घरी घडवणे अवघड नाही. मात्र तिच्यावर कोरीवकाम करायचे ठरले की दोन गरजा एकमेकींशी भांडू लागतात. काठीने माणसाचा भार पेलायचा असतो आणि कोरीवकाम म्हणजे त्याच काठीचे लाकूड काढून टाकणे असते. म्हणून नक्षी कोणती सुंदर दिसेल या प्रश्नाआधी, कोणत्या जागचे लाकूड काढले तर काठी दुबळी होणार नाही, हा प्रश्न सोडवावा लागतो. या लेखात मूठ वनपिंगळ्याच्या, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडाच्या, डोक्याची आणि दांड्यावर गुळवेलीचा वेढा असलेली, एकाच लाकडातून घडवलेली काठी कशी करावी ते क्रमाने सांगितले आहे. लाकूड खानदेशातल्या शेतबांधावर सहज मिळणारे आहे आणि हत्यारे गावातल्या सुताराकडे असतात तीच आहेत.

वनपिंगळा निवडण्यामागे खानदेशचा अभिमान हे एक कारण आहेच. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांच्यासह आलेल्या अमेरिकी पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात पुन्हा दिसला. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता आणि शहादा धुळे जिल्ह्यात होते. परंतु खरे कारण कारागिरीचे आहे. या पक्ष्याचे डोके गोल असते, त्याला काही मोठ्या घुबडांसारखी कानाजवळची उभी पिसे नसतात, आणि गावात नेहमी दिसणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्याच्या माथ्यावर असतात तसे ठळक ठिपकेही त्याच्या माथ्यावर जवळजवळ नसतात. तळहाताखाली येणारा भाग गुळगुळीत ठेवायचा असेल, तर याच्याइतका सोयीचा पक्षी शोधून सापडणार नाही.

लाकूड कोणते आणि कोठले

सातपुड्याचे नाव निघाले की लोकांना धामण, तिवस, अंजन आणि खैर आठवतात. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक म्हणून हत्यारांच्या दांड्यांसाठी नावाजलेले आहे, यात वाद नाही. तरीही ते जंगलातच राहू द्यावे. राखीव वनातून काठीपुरतेही लाकूड विनापरवाना तोडणे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. यावल किंवा अनेर धरण यांसारख्या अभयारण्यात तर त्याचा विचारही करू नये. स्वतःच्या शेतातल्या झाडांनाही नियम आहेत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, तिवस, अंजन, मोह, आंबा, चिंच अशी झाडे येतात. त्यांपैकी कशाला हात लावायचा असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे.

या सगळ्या कटकटीतून सोडवणारे लाकूड म्हणजे वेडी बाभूळ (प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा). पडीक जमीन, नाल्याचा काठ आणि गावठाणाची कड तिने व्यापलेली असते आणि ती काढून टाकायला शेतकरी उत्सुकच असतो. जळणापलीकडे तिचा कोणी विचार करत नाही. प्रत्यक्षात तिचे पिकलेले लाकूड जड, कठीण आणि तांबूस तपकिरी असते. वाळताना ते इतर बहुतेक झाडांच्या मानाने फार कमी आकसते, त्यामुळे कमी तडकते. काठीसाठी हा गुण मोठा आहे. तिचा काटा मात्र वाईट असतो. तो रुतला की सूज येते आणि टोक आत मोडले तर जखम चिघळते, म्हणून जाड चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय तिच्या जाळीत शिरू नये.

दुसरा चांगला पर्याय पेरूचा. बागेच्या छाटणीत मनगटापेक्षा थोड्या बारीक, बऱ्यापैकी सरळ फांद्या निघतात. लाकूड बारीक पोताचे आणि चिवट असते, त्यामुळे पटाशीचा, म्हणजे लाकूड कोरायच्या हत्याराचा, काठ स्वच्छ उमटतो. लिंबू आणि मोसंबीचे लाकूडही कोरायला उत्तम आहे, पण त्यात काठीइतकी लांब सरळ फांदी मिळणे दुर्मीळ. ते वेगळी मूठ करायला राखून ठेवावे. गावठी बाभूळ आणि बोर ही दोन्ही मजबूत आहेत, परंतु वाळल्यावर ती पटाशीला दाद देत नाहीत. कडुनिंबात धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि बारीक पानांचे काम करताना कपच्या निघतात. सुबाभळीला किडा लवकर लागतो, शेवग्याचे लाकूड मऊ आणि ठिसूळ असते. या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

झाड ठरले की त्यावरचा नेमका कोणता भाग घ्यायचा हे ठरवावे, आणि येथे घाई करू नये. वेडी बाभूळ तोडली की खुंटातून जोमाने फुटवे येतात. फुटवा जेथे खुंटाला चिकटलेला असतो तेथे तो फुगलेला असतो. दोन-तीन वर्षांचा, दांड्याला ३५ ते ४० मिलिमीटर जाड आणि बुडाशी किमान ६० मिलिमीटर फुगलेला फुटवा शोधावा. काठी करताना तो उलटा धरायचा: फुगलेले बूड वर, म्हणजे मुठीला, आणि शेंडा खाली. या बुडखाच्या भागात लाकडाचे धागे बहुतांशी काठीच्या लांबीतच धावत असतात. पिंगळ्याची चोच खाली वळलेली, म्हणजे काठीच्या लांबीतच असल्यामुळे तिच्यातही धागे उभे येतात आणि ती मोडत नाही.

याउलट बगळ्याची, बदकाची किंवा मोराची मान करायची असेल, तर चोच आडवी बाहेर येते. तशी चोच उभ्या धाग्याच्या लाकडात कोरली तर काठी पहिल्यांदा हातातून पडेल तेव्हाच ती तुटेल. त्या आकारांसाठी बेचके घ्यावे. फांदी जेथून फुटली त्या जाड फांदीचा वीतभर तुकडा तिच्यासह कापला, तर त्या तुकड्यातले धागे चोचीच्या दिशेने मिळतात. निसर्गातून प्रेरणा घ्यायची म्हणजे पक्ष्याचे चित्र पाहायचे इतकेच नाही. लाकडात तो पक्षी कोणत्या दिशेने बसू शकतो हे आधी पाहायचे.

तोड आणि वाळवण

तोडणीसाठी मार्गशीर्ष-पौषाचा हंगाम, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, योग्य. पावसाळ्यातली जोमाची वाढ थांबलेली असते, आणि उन्हाळ्याच्या झळा सुरू होण्याआधी लाकडाला सावकाश वाळायला दोन-तीन महिने मिळतात. हव्या त्या लांबीपेक्षा दोन्ही टोकांना १५ सेंटिमीटर जास्त ठेवून करवतीने कापावे. कुऱ्हाडीच्या घावाने टोक आतून चिरते आणि ती चीर नंतर वाळताना पुढे सरकते.

साल त्याच दिवशी काढावी. सालीसकट काठी दिसायला रानटी आणि छान वाटते हे खरे, पण सालीखाली भुंगेरे अंडी घालतात आणि वर्षभराने काठीतून पिठासारखा भुसा गळू लागतो. कोवळ्या फुटव्यात पिकलेला गाभा कमी आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त असते, आणि किडीला हवे असते ते पिष्ट याच पांढऱ्या लाकडात असते. म्हणून ओल्या लाकडावरच उपाय करावा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स (टाकणखार) आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्यात सोललेले लाकूड आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवावे. बांबू टिकवण्यासाठीही हेच मिश्रण वापरतात. ते पोटात जाऊ देऊ नये, गुरांच्या हौदात किंवा त्याजवळ हे काम करू नये, आणि हातमोजे वापरावेत.

पाण्यातून काढल्यावर दोन्ही टोकांना आणि फुगलेल्या बुडाला मेण, जुना तैलरंग किंवा घट्ट फेविकॉल जाडसर लावावे. लाकडातले पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने बाहेर पडते. टोक आधी आकसते, आतला भाग आकसत नाही, आणि या ओढाताणीत चीर पडते. त्यात लाकूड वर्तुळाच्या परिघाच्या दिशेने जितके आकसते, ते केंद्राकडच्या दिशेने त्याच्या साधारण निम्मेच आकसते. म्हणूनच अखंड गोल लाकडाला एखादी उभी भेग पडण्याची ओढ असतेच. वाळणे जितके सावकाश तितकी ती ओढ कमी.

खानदेशात सावकाश वाळवणे हेच मोठे काम आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवेत ओलावा उरत नाही. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले लाकूड या दिवसांत हमखास तडकते. मातीच्या भिंतींची खोली, गोठ्याचा माळा किंवा धान्याच्या कोठीमागची सावली चांगली. लाकूड गोणपाटात गुंडाळून गव्हाच्या भुशात आडवे पुरून ठेवले तर अधिक उत्तम. भुसा ओलावा धरतो आणि हळूहळू सोडतो. भुसा मात्र कोरडा असावा, नाहीतर बुरशीचे काळे डाग पडतात.

लाकूड वाळले की नाही हे हाताने वा आवाजाने ओळखण्यापेक्षा वजनाने ओळखावे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर आठवड्याला वजन करून ते लाकडावरच पेन्सिलीने लिहावे. सलग तीन-चार आठवडे वजन घटले नाही, की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले असे समजावे. उघड्यावर वाळवताना २५ मिलिमीटर जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत काठीच्या जाडीचे सोललेले लाकूड त्याहून लवकर तयार होते, पण पौषात तोडलेले लाकूड दिवाळीआधी अंतिम कोरीवकामाला घेऊ नये.

याला एक अपवाद करावा. वेडी बाभूळ पूर्ण वाळल्यावर फार कठीण होते, म्हणून मुठीच्या बुडखाची ओबडधोबड तासणी ती अर्धी ओली असतानाच उरकून घ्यावी. अंतिम आकारापेक्षा सगळीकडून ६ ते ८ मिलिमीटर जास्त ठेवून जादा लाकूड वाकसाने (तासण्याच्या हत्याराने) काढले, की जाडी कमी झाल्यामुळे भेगेचा धोकाही कमी होतो. तासलेल्या जागी मेण पुन्हा लावण्यास विसरू नये.

फुटवा किंचित वाकडा असेल तर तोही याच अर्ध्या ओल्या अवस्थेत सरळ करावा. वाकलेली जागा निखाऱ्यांपासून वीतभर उंचीवर सतत फिरवत तापवावी, करपू देऊ नये, आणि हाताला चटका बसण्याइतकी आतपर्यंत तापली की फळीवर ठोकलेल्या खुंट्यांमध्ये उलट दिशेला थोडी जास्तच वाकवून अडकवावी. थंड झाल्यावर ती थोडी मागे येतेच. चार-पाच दिवस तशीच ठेवावी. एखादे हलके वळण मात्र राहू द्यावे; शेंडा आणि मूठ यांना जोडणारी सरळ रेषा काठीच्या जाडीतून बाहेर जात नसेल, तर ते वळण भार पेलण्याच्या आड येत नाही.

माप आणि आखणी

काठीची उंची ज्याच्यासाठी ती करायची त्याच्या अंगावरच मोजावी. त्या माणसाने रोजची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत, आणि जमिनीपासून मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीपर्यंतचे अंतर घ्यावे. मुठीचा माथा त्या उंचीला आला, की काठी धरल्यावर कोपर साधारण १५ ते ३० अंशांत वाकते आणि खांद्याला ताण पडत नाही. बहुतेक प्रौढांना ही उंची ८५ ते ९५ सेंटिमीटरच्या दरम्यान येते. खाली बसवायच्या रबरी टोपीच्या बुडाची जाडी यातून वजा करायची असते, पण ही अंतिम कापणी सर्वांत शेवटी करावी. डोंगर चढण्यासाठी छातीइतकी उंच काठी हवी असेल, तर तिच्यावर हा हिशेब लागू होत नाही आणि मूठ गोल असण्याचीही गरज नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वनपिंगळ्याची गोल मूठ फेरफटक्याच्या आणि वारीच्या काठीला शोभते. ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखावलेली आहे आणि ज्यांना प्रत्येक पावलाला शरीराचा भार काठीवर टाकावा लागतो, त्यांच्या तळहाताला गोल मूठ बोचते. त्यांना बेचक्यातून निघालेली, बोटे पूर्ण वेढतील अशी आडवी मूठच द्यावी, आणि उंची भौतिकोपचार तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी.

आता आखणी. पेन्सिलीने दांड्याचे तीन भाग करावेत. वरचे २० सेंटिमीटर मूठ आणि पक्ष्याचे अंग, त्याखालचे ३५ ते ४० सेंटिमीटर वेलीचे, आणि उरलेला खालचा भाग पूर्ण साधा. खालच्या भागाला दगड, बांध, ओटे यांची ठोकर लागते, तेथली नक्षी सहा महिन्यांत झिजते आणि तिच्या खाचांत काळी माती बसते; म्हणून तो मोह टाळलेला बरा.

दांड्याची जाडी वर २८ ते ३० आणि खाली २२ मिलिमीटर ठेवावी. या आकड्यांमागचा हिशेब समजून घेतला, की पटाशी कोठे थांबवायची ते आपोआप कळते. गोल दांड्याची वाकताना मोडण्याला विरोध करण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. ३० मिलिमीटरचा दांडा चारही बाजूंनी अडीच मिलिमीटर कोरून २५ चा झाला, तर त्याची त्या जागची ताकद जवळपास ४२ टक्क्यांनी घटते. पाच मिलिमीटरची काटकसर आणि ताकद अर्ध्यावर येण्याच्या बेतात! सर्वांत घातक असते ती बांगडीसारखी सरळ गोल खाच, कारण ती एकाच ठिकाणी बाहेरचे सगळे धागे तोडते, आणि वाकण्याचा ताण बाहेरच्या धाग्यांवरच सर्वाधिक असतो. बाजारातल्या पुष्कळ शोभेच्या काठ्या नेमक्या अशा खाचेवर मोडतात.

वेलीची नक्षी म्हणूनच निवडली आहे. वेल तिरकी चढते, त्यामुळे कोणत्याही एका आडव्या छेदात वेलीचा फुगीर भाग शाबूत राहतो आणि कोरलेला भाग परिघाच्या काही अंशापुरताच असतो. वेलीच्या दोन वेढ्यांत १२ ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे; वेढे जवळजवळ घेतले, की ते पुन्हा बांगडीच्या खाचेसारखे वागू लागतात. कोरण्याची खोली कोठेही ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

वेढा आखण्यासाठी साधी सुतळी पुरते. तिचे एक टोक पक्ष्याच्या पायांखाली चिकटपट्टीने लावावे, काठी हळूहळू फिरवत ती खाली न्यावी, अंतरे डोळ्याला एकसारखी दिसेपर्यंत सरकवावी आणि मग तिच्या दोन्ही कडांनी पेन्सिल ओढावी. वेलीची रुंदी वर ८ आणि खाली १२ मिलिमीटर ठेवावी. खरी वेल खाली जाड आणि शेंड्याकडे बारीक असते. गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे असते आणि गोल दांड्यावर ते सुबक बसते. पाने पाच-सहाच काढावीत, तीही गाठीच्या किंवा डागाच्या जागा पाहून, म्हणजे लाकडातला दोष पानाखाली झाकला जातो. गुळवेलीऐवजी पळस काढणार असाल, तर पळसाला पाने तीनच हे विसरून चालणार नाही. पाहणारा म्हातारा माणूस पहिल्यांदा तेच मोजतो.

डोके आणि अंग

लागणारी हत्यारे अशी: बारीक दातांची करवत, वाकस, लाकडी मोगरी, ६ आणि १२ मिलिमीटरची सपाट पटाशी, ६ ते १० मिलिमीटरची गोल तोंडाची पटाशी, एक छोटा धारदार चाकू, आणि लाकडाची एक जाडी व एक बारीक कानस. काठी शिकंजात (पकडून ठेवायच्या साधनात) धरताना मध्ये गोणपाट किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. धार हाच कामाचा अर्धा भाग आहे. दर थोड्या वेळाने निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) हत्यार फिरवावे. बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो, आणि ती निसटते ती हातावरच. मोकळा हात कधीही पटाशीच्या तोंडासमोर ठेवू नये.

प्रथम बुडखाचा चेंडू करून घ्यावा: साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा, वर किंचित चपटा. लगेच तळहातात धरून पाहावे, दुसऱ्याच्याही हातात देऊन पाहावे, आणि पकड मनासारखी येईपर्यंत पुढे जाऊ नये. नंतर समोरची बाजू ठरवून मधली उभी रेषा आखावी. चेहरा माथ्यापासून सव्वा ते दीड सेंटिमीटर खाली सुरू व्हावा, म्हणजे अंगठ्याच्या दाबाखाली भुवया येत नाहीत.

चोचीच्या दोन्ही बाजूंना गोल पटाशीने दोन उथळ बशा कोराव्यात. याच पुढे डोळ्यांभोवतीच्या तबकड्या होतात. दोन्ही बशांमध्ये उरलेला उभा कणा खाली निमुळता करत आणला की चोच तयार होते. ती ठेंगणीच ठेवावी, चेहऱ्याच्या गोलाईबाहेर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नये. भुवया बाहेरच्या बाजूला किंचित चढत्या घेतल्या, की पक्ष्याला तो करडा भाव येतो. डोळ्यांसाठी ८ मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या लोखंडी नळीच्या तुकड्याला आतून धार लावावी, आणि ती लाकडावर टेकवून हलक्या हाताने फिरवावी. स्वच्छ वर्तुळ उमटते. वर्तुळाभोवतीचे लाकूड थोडे खाली घेतले म्हणजे बुबूळ फुगीर दिसते. काचेचे मणी चिकटवण्याची हौस अनेकांना असते, पण खानदेशी उन्हात ते सुटतात आणि पक्षी आंधळा होतो.

डोक्याखाली मान जवळजवळ दाखवूच नये. पिंगळा आखूड मानेचा असतोच, आणि काठीला मान काढली तर ती दांड्यातली सर्वांत दुबळी जागा ठरते. डोक्यापासून अंगापर्यंत जाडी ४० मिलिमीटरच्या आसपास ठेवून मग सावकाश दांड्याच्या जाडीवर उतरावे. वनपिंगळ्याच्या छातीच्या बाजूंवर ठळक तपकिरी पट्टे असतात आणि पंख-शेपटीवरही रुंद पट्टे असतात. हे पट्टे कोरले तर आडव्या खाचा पडतात, म्हणून ते डागून काढावेत. जाड तार निखाऱ्यावर लाल करून, आधी टाकाऊ तुकड्यावर टेकवून तिची धग अजमावावी, आणि नंतर क्षणभरच टेकवत तपकिरी रेघा उमटवाव्यात. पंखांची बाह्यरेषा तेवढी दीड मिलिमीटर खोल कोरावी. पाय पिसांनी झाकलेले, जाड दाखवावेत आणि नखे वेलीच्या सुरुवातीला पकडलेली दाखवावीत. पक्षी आणि वेल यांचा जोड त्यामुळे स्वाभाविक दिसतो.

बुडखा पुरेसा जाड नसेल तर डोके वेगळ्या लाकडातून, लिंबाच्या किंवा मोसंबीच्या, उभ्या धाग्याचे करून बसवावे. दोन्हींत १० मिलिमीटरचे सरळ भोक प्रत्येकी ६० मिलिमीटर खोल पाडून त्यात ८ मिलिमीटरचा आटे असलेला लोखंडी गज सावकाश सुकणाऱ्या अराल्डाइटमध्ये बसवावा आणि एक पूर्ण दिवस हलवू नये. एवढे करूनही अखंड काठीची खात्री त्याला येत नाही, हे माझे मत आहे.

वेल

वेलीच्या दोन्ही रेषांवर आधी चाकूने २ मिलिमीटर खोल उभा छेद द्यावा. मग बाहेरच्या बाजूने सपाट पटाशीने त्या छेदाकडे तिरके लाकूड काढत यावे. छेद असल्यामुळे कपची वेलीत शिरत नाही. पुन्हा छेद, पुन्हा तिरकी तासणी, असे दोन-तीन फेऱ्यांत ३ ते ४ मिलिमीटरपर्यंत जावे. येथे धाग्यांची दिशा सतत लक्षात ठेवावी लागते. वेल तिरकी असल्यामुळे तिच्या एका कडेला पटाशी खाली ओढली तर स्वच्छ चालते, आणि त्याच वेलीच्या दुसऱ्या कडेला ती वर ढकलावी लागते. धागे उचकटू लागले, की जोर न वाढवता दिशा उलटी करावी.

खाली घेतलेल्या जागेची कड दांड्यात हळूहळू विरून जाऊ द्यावी, तेथे पायरी राहू देऊ नये. आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यातच चीर सुरू होते. वेलीची पाठ गोल करून घेतल्यावर पानांकडे वळावे. पानाची एक कड उचललेली आणि दुसरी दांड्यात मिसळलेली ठेवली की ते जिवंत वाटते. शिरा सगळ्यात शेवटी, चाकूच्या टोकाने, दोन तिरक्या रेघांत. गुळवेलीच्या खोडावर बारीक उंचवटे असतात. ते गोल टोकाच्या खिळ्याने दाबून दाखवता येतात, मात्र थोडेच.

घासणे आणि तेल

पॉलिश पेपर ८०, १२०, १८० आणि २४० या क्रमाने वापरावा. ८० नंबरचा पेपर कोरलेल्या भागावर लावू नये, नाहीतर पटाशीच्या कडा बोथट होतात. काम उघड्यावर करावे आणि नाकातोंडावर चांगला मास्क असावा, कारण वेड्या बाभळीची धूळ घशाला त्रास देते. २४० नंतर काठी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. लाकडाचे सुटे तंतू उभे राहतात. ते पुन्हा २४० ने हलकेच काढले, की पुढे घामाने मूठ खरखरीत होत नाही.

लाकडाला तेल द्यायचे तर जवसाचे, तेही रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले. खानदेशात घरोघर शेंगदाण्याचे तेल असते आणि काठीला तेच चोपडण्याचा मोह होतो. पण ते हवेत सुकून घट्ट होत नाही, चिकट राहते, धूळ धरते आणि खवट वास मारते. मोहरीच्या तेलाचेही तसेच. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन लाकडात घट्ट होते. पहिला हात तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून द्यावा, वीस मिनिटांनी वरचे तेल कोरडे पुसून घ्यावे, आणि दोन दिवसांच्या अंतराने असे तीन-चार हात द्यावेत. ज्या चिंध्यांनी तेल पुसले त्या चुरगाळून ठेवू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यातल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हाळ्यात तर नक्कीच जपावे. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

चपडा लाखेचे पॉलिश दिसायला देखणे असते आणि ती लाख पळस-बोरीवरच्या किड्यांपासूनच मिळते, त्यामुळे या काठीला ते शोभेलही. तरीही मुठीला ते लावू नये, असे माझे मत आहे. घामाने आणि पाण्याने ते पांढरट पडते. तेल पूर्ण सुकल्यावर मधमाशांचे मेण पातळसर चोळून मऊ फडक्याने घासले की पुरे.

शेंबी आणि शेवटची तपासणी

आता उंचीची अंतिम कापणी करावी. खालच्या टोकाला २५ मिलिमीटर लांबीची शेंबी, म्हणजे पितळी किंवा लोखंडी नळीचा तुकडा, बसवावा. टोक फुटण्यापासून तीच वाचवते. नळीच्या जाडीइतकी पायरी कापून टोकाला अगदी थोडा उतार द्यावा आणि लोहाराकडून शेंबी तापवून ठोकून घ्यावी, जशी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी. लगेच पाण्यात बुडवले, की ती आकसून आवळून बसते. हे काम वैशाखात करावे. लाकूड तेव्हा सर्वांत कोरडे, म्हणजे सर्वांत बारीक असते. पावसाळ्यात बसवलेली शेंबी पुढच्या उन्हाळ्यात सैल होऊन निघून पडते. शेंबीवर औषधांच्या दुकानात मिळणारी रबरी टोपी घालावी. १९, २२ आणि २५ मिलिमीटर अशा मापांत ती मिळते, म्हणून नळी विकत घेताना तिचे बाहेरचे माप टोपीशी जुळवून घ्यावे. केवळ धातूचे टोक शेतात चालते, पण घरातल्या गुळगुळीत फरशीवर आणि ओल्या ओट्यावर ते घसरते.

कोणाच्याही हातात देण्याआधी काठी तपासावी. जमिनीवर उभी धरून तिच्यावर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकावा, नंतर दोन विटांवर आडवी ठेवून मध्यभागी गुडघ्याने हळूहळू दाब द्यावा आणि कान देऊन ऐकावे. ‘कट्’ असा आवाज आला, किंवा कोरीवकामाच्या काठाला केसाएवढी रेघ दिसली, तर ती काठी भिंतीवर शोभेला टांगावी. वाळताना पडलेली उभी, उथळ भेग घातक नसते. त्याच लाकडाचा भुसा अराल्डाइटमध्ये कालवून ती भरून घ्यावी. तयार काठीचे वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरते.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे घेणाऱ्याला सांगावे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सुक्या ब्रशने खाचांतली माती काढून जवसाच्या तेलाचा एक पातळ हात द्यावा. रबरी टोपीच्या तळाची नक्षी झिजून सपाट झाली की टोपी बदलावी. त्याच वेळी शेंबी हलते का तेही पाहून घ्यावे.